डाव्या पायाचा ठसा

नांदेडला आमच्या शेजारी राहतात ते गृहस्थ पोलिसांच्या ठसे विभागातून निवृत्त झाले, पण नजर अजून जमिनीवरच असते. घरी आले की आधी दारातल्या चपलांना वीत लावतात, मग माणसांकडं बघतात. "पाव्हणे आलेत जणू. लई उंच हायेत. टाच झिजलीय, म्हंजे पोटबी सुटलंय." आत पाव्हणा तसाच बसलेला असतो. कधी चुकले तर म्हणतात, "भावाची चप्पल घालून आला असंल," आणि बहुतेक वेळा तेही खरं निघतं.

गेल्या वर्षी एका सकाळी ते आमच्या ओल्या शेणसड्यावर उकिडवे बसले. "अण्णांच्या चपलेचा ठसा हाय न्हवं हा? डाव्या पायाचं टोक घासून राहिलंय. चार दिसामागं असं नव्हतं. आजच दवाखान्यात न्या." अण्णा म्हणजे माझे वडील. मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होतो, मला काही दिसलं नव्हतं. अर्धांगवायूची सुरुवात होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

तेव्हापासून ते रोज सकाळी आमचं अंगण बघून जातात. तब्येत विचारत नाहीत. वडिलांना हे ठाऊक आहे. परवा त्यांनी सड्यावर डावं पाऊल मुद्दाम दाबून उमटवलं आणि दाराआड जाऊन उभे राहिले.

शेजारी वाकले. ठशाची खोली बोटानं मोजली आणि दाराकडं बघून ओरडले, "अण्णा, ठसा बनावट हाय! पण दाबायचा जोर खरा हाय."