जिवंत माणसाचं चित्र

रोई-एत गावात कुणी मेलं की घरचे आधी विहारात जात आणि तिथून सरळ बुनलायच्या दुकानात येत. शवपेटीपुढे मोठं चित्र लागतं, आणि घरात असतो तो ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो. बुनलाय त्यावर भिंग धरायचा, बारीक चौकटी आखायचा आणि कोळशाच्या भुकटीने कागदावर दोन हात उंच माणूस उभा करायचा. कपडे मागाल ते. जन्मभर म्हशींचे सौदे केलेल्या एका म्हाताऱ्याला त्याच्या लेकीने पांढरा सरकारी गणवेश चढवायला लावला होता.

"पदकं पण काढा," ती म्हणाली.

"काढतो की. म्हशींनी दिली असं सांगू सगळ्यांना," बुनलाय म्हणाला, आणि ती रडता रडता हसली होती.

डोळे सगळ्यांत शेवटी. धार काढलेल्या रबराने बुब्बुळातला पांढरा ठिपका उचलला, की चित्र बघायला लागायचं. ते रबर बुनलायच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे, जेवताना, झोपतानासुद्धा.

एके काळी हाच माणूस सिनेमाचे फलक रंगवायचा. बांबूच्या परांचीवर चढून नायिकांचे गाल गुलाबी करायचा. खाली नूफिन पपईची तिखट कोशिंबीर कुटायला बसायची. एका नायिकेला त्याने नूफिनचं चपटं नाक लावलं, थिएटरच्या मालकाच्या शिव्या खाल्ल्या आणि नूफिनशी लग्न केलं. पुढे फलक छापून यायला लागले. रंग गेले, कोळसा राहिला. आणि कोळशाबरोबर एक नियम आला: जिवंत माणसाचं चित्र काढायचं नाही. ज्याचा चेहरा या दुकानात कागदावर उतरला, त्याच्यापुढे उदबत्ती लागायला वेळ लागत नाही, असं गाव म्हणायचं. गावापेक्षा बुनलायचाच त्यावर जास्त विश्वास होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा थेविन. हुबेहूब बाप. फरक एवढाच, की लहानपणी चिंचेवरून पडल्याने त्याची डावी भुवई मधोमध फाटलेली होती आणि तिथे पुन्हा केस आले नाहीत. चोविसाव्या वर्षी तो मासेमारीच्या बोटीवर निघाला. निघायच्या दिवशी दुकानात येऊन स्टुलावर बसला.

"बाबा, माझं एक काढा ना. रंगात. आईला बघायला होईल."

"ऊठ तिथून."

"सगळ्या गावाची काढता. मी काय पाप केलंय?"

"जिवंत आहेस, हे पाप. ऊठ म्हणतो ना."

थेविन हसत उठला. ओळखपत्र खिशात घालून गेला. त्याला तीन वर्षं झाली. बोट परत आली, त्यात तो नव्हता. एक खलाशी म्हणाला, कुठल्याशा बेटावर उतरून पळाला. दुसरा म्हणाला, जाळं ओढताना पाण्यात गेला. दलालाने फोन उचलणं बंद केलं. बुनलायने पहिल्याचं खरं धरलं. नूफिन दोन वर्षं दोन्हींमध्ये लटकत राहिली आणि तिसऱ्या वर्षी तिच्या स्वप्नात थेविन यायला लागला. दारात उभा राहायचा, आत यायचा नाही, भात मागायचा.

दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेला विहाराच्या आवारात मेलेल्यांसाठी केळीच्या पानात भाताच्या पुड्या ठेवतात. ज्याच्या नावाची पुडी नाही, तो उपाशी परततो. जिवंताच्या नावाने पुडी ठेवणं म्हणजे त्याला मारणं. दोन वर्षं नूफिनने हात आवरला होता.

"या वर्षी ठेवणार मी," ती म्हणाली. "आणि पुढ्यात त्याचं चित्र हवं. नुसत्या नावाला काय कळतंय, शंभर थेविन असतील. तोंड बघून तो येईल."

"तो जिवंत आहे."

"असेल तर खातपीत असेल, पुडीने त्याचं काय जाणार? पण नसेल तर? तीन वर्षं पोर उपाशी आहे हो."

बुनलाय उठला. त्याने शाळेच्या वर्गाचा जुना फोटो काढला. त्यात थेविनचं तोंड मुगाच्या दाण्याएवढं होतं. चौकटी आखल्या. हनुवटी आली, कान आले, आणि मग हात थांबला. चार दिवस तो कागदासमोर नुसता बसून होता. ज्या हातांनी हजार मेलेली माणसं उभी केली, त्या हातांनी आपलं पोर मारायचं? पाचव्या दिवशी त्याने तो कागद फाडला आणि स्वतःच्या लग्नातला फोटो भिंगाखाली धरला.

यमदूतांना न्यायचंच असेल कुणाला तर चेहरा बघूनच नेतील ना? मग हा चेहरा बघा. हा न्या. एका बैठकीत चित्र संपलं. भुवया दोन्ही सबंध. बाप-लेक इतके सारखे, कुणाला कळणार आहे?

पौर्णिमेला सकाळी बोधिवृक्षाखाली नूफिनने पानं पसरली. चिकट भात, भाजलेला मासा, केळं, एक सिगारेट. बुनलायने झाकून आणलेलं चित्र बुंध्याला टेकवलं. घाईत त्याला काच लावायची राहिली होती. ओसरीवर भन्ते बसले होते, नावांच्या चिठ्ठ्या गोळा होत होत्या. नूफिनने मेलेल्यासाठी लावतात तशी एकच उदबत्ती पेटवली आणि चित्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अंगठा डाव्या भुवईजवळ नेला. टेकवला नाही.

"हे तुम्ही आहात," ती हळूच म्हणाली.

बुनलायने चित्र उगाच सरळ केलं.

"त्याच्या जागी तुम्ही उभे राहिलात होय? मला विचारलंत? मी दोघांना घालवून काय करू?"

"कुणी जाणार नाही. अगं, नुसतं चित्र आहे."

"जन्मात कधी नुसतं चित्र म्हणाला नाहीत, आणि आज म्हणताय?" तिचा आवाज फाटला. "तो येईल, बघेल की बाबांची पुडी आहे, आणि हात न लावता परत जाईल. तसाच आहे तो. तुमच्या ताटातलं त्याने कधी उचललंय?"

हे खरं होतं. बुनलाय चित्रासमोर खाली बसला. ओसरीवर भन्तेंनी नावं वाचायला सुरुवात केली होती. एकेक नाव येत होतं, एकेक बाई पुडीजवळ वाकत होती. थेविनचं नाव आता कधीही आलं असतं.

बुनलायने खिशातून रबर काढलं. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. डाव्या भुवईच्या मधोमध रबराची धार ठेवली आणि वरून खाली ओढली. एकदाच. कोळसा निघाला, खाली पांढरा कागद दिसला.

थेविन समोरून बघत होता.

बुनलायने कागदावरची भुकटी फुंकली. भन्तेंनी थेविनचं नाव घेतलं. नूफिनने पुडीचं पान उघडलं आणि उदबत्ती मातीत रोवली.