बोटाच्या एका पेराएवढं मलम

त्या सोमवारी, नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत, मी मलमाच्या वापरलेल्या ट्यूब तोलत बसलो होतो. सत्तरच्या दशकाचा शेवट, मे महिना, आणि गारव्यापेक्षा आवाजच जास्त देणारा कूलर...

विषय होता हर्पीस, म्हणजे ओठावर तापाचे फोड आणणारा विषाणू. तो एकदा शरीरात शिरला की जन्मभर मुक्कामाला राहतो आणि ताप, कडक ऊन असे निमित्त मिळताच डोके वर काढतो.

आज श्रोत्यांत डॉक्टर मंडळी बरीच आहेत, म्हणून पद्धत सांगतो. निम्म्या रुग्णांना औषधी मलम, निम्म्यांना नुसते साधे. कोणाला कोणते, हे माझ्यापासूनही गुप्त. दर सोमवारी रुग्णाने ट्यूब आणायची, मी ती तोलून नोंद करायची.

"साहेब ट्यूबा तोलून राहिले... उद्या आमचे डबे तोलसान!" आमचे तंत्रज्ञ बाबाराव म्हणत.

नागपूरजवळच्या खाप्याहून आईबरोबर एसटीने येणारी कुंदा सतरा वर्षांची होती. तिचा एक फोड सुकतो न सुकतो, तोच दुसरा उठे. आणि दर सोमवारी ती आदल्या सोमवारपेक्षा वाळलेली दिसे.

"तोंड दुखते म्हणते, डॉक्टरसाहेब. काही खाऊनच नाही राहिली," आई सांगे. "बोल न वं, मुकी झाली का?"

फोडामुळे जेवण नाही, जेवण नाही म्हणून अशक्तपणा... मांडणी सरळ होती. तिच्या वाट्याला साधे मलम आले असावे, असा तर्क करून मी स्वस्थ होतो.

त्या दिवशी मात्र नोंदवही पाहताना मी थांबलो. दर वेळी बोटाच्या एका पेराएवढे मलम लावा, अशी आमची सूचना होती. इतरांचे आकडे वेडेवाकडे... कोणी विसरलेला, कोणी थापून लावलेला, एकाने तर ट्यूब शेजाऱ्यालाच दिलेली. कुंदाची ट्यूब मात्र चारही आठवडे अगदी सारख्याच वजनाने हलकी झाली होती.

बाबाराव खूश. "एकच पोरगी शहाणी आहे, साहेब!"

मला ते पटेना. दुखऱ्या ओठावर फिरणारा हात कधी कमी लावतो, कधी जास्त. इतके मोजून कोणी मलम लावत नाही... फार तर टाकून देतो.

आईला बाबारावांबरोबर केसपेपर आणायला पाठवून मी विचारले, "मलम कुठे जातं, कुंदा?"

ती फरशीकडे पाहत म्हणाली, "मोरीत."

"काहून?" 'का'ऐवजी घरचा शब्द माझ्याही नकळत निघून गेला.

"फोड असला का कोणी जेव नाही म्हणत. गेला का आई ताट घेऊन समोर बसते." फोड यावा म्हणून ती भर दुपारी गच्चीवर उन्हात उभी राहत होती. "मले जेवाचंच भेव वाटते, साहेब."

माझे वडील न्यायशास्त्र शिकवीत. कारण आणि कार्य यांची उलटापालट हा दोष त्यांनी मला लहानपणीच समजावला होता. तरी मी महिनाभर तोच करीत होतो... जेवावे लागू नये म्हणून ती फोड सांभाळत होती.

"जेवणाच्या भीतीचा हा आजार आपल्याकडे नसतो," एका सहकाऱ्याने मला ऐकवले. पण मनोविकार विभागातल्या डॉक्टरबाईंनी कुंदाला दाखल करून घेतले आणि आईला एवढेच सांगितले, की तिच्यासमोर बसू नका, तिच्यासोबत जेवा.

माझ्या प्रयोगातून तिचे नाव कमी झाले. ती निघाली तेव्हा मी तिला एक सीलबंद ट्यूब दिली आणि लागली तर लाव, म्हटले. पुढे कोणाला कोणते मलम याचे गुप्त संकेत उघडले तेव्हा कळले, की मोरीत गेले ते खरे औषध होते.

दोनेक वर्षांनी, पुन्हा एका सोमवारी, ती एकटीच आली. मधल्या काळात दोनदा दाखल व्हावे लागले होते, हे तिनेच सांगितले. मग ट्यूब टेबलावर ठेवली. "लागली नाही, साहेब."

ओठ स्वच्छ होते. ट्यूब मी तरीही तोलली, सवय...

तिने पिशवीतून डबा काढला, अर्धी पोळी बाबारावांच्या हातावर ठेवली आणि उरलेली आमच्यासमोर हळूहळू खाल्ली. "साहेब, हा डबा तोलता का?" बाबारावांनी विचारलेच.

मी वजनकाटा झाकून ठेवला. न घेतलेल्या त्या एका नोंदीबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.