खमरियाहून बेटावर घर बघायला

यांना रिटायर व्हायला चार महिने उरले, जबलपूरजवळच्या खमरियाचं फॅक्टरीचं क्वार्टर सोडायचा प्रश्न आला, आणि यांनी काढलं काय, तर बेट! कोकणात, किनाऱ्यापासून होडीनं दहा मिनिटांवर. फॅक्टरीतल्या एका सोबत्याकडून तिथलं एक कौलारू घर विकायचं असल्याचं कळलं होतं. सगळा जन्म नर्मदेकाठी गेला, समुद्र पाहिला तो दोनदा, तोही लग्नकार्याला गेलो म्हणून. तरी हट्टाला पेटले.

"काहून पण?" मी विचारलं. "इथं काय कमी आहे? सिहोऱ्याचा मटार येतो, घाटावर जाता येतं, क्वार्टरांची अर्धी लाइन मराठी बोलते, अर्धी हिंदी, कोणाचं काही अडत नाही."

"एकदा बघून तर घे. तू नाही म्हणालीस तर विषय संपला. चलो, शब्द देतो."

नाही म्हणायलाच गेले मी, खोटं कशाला सांगू? जबलपूर सोडायचं नव्हतं मला. एकदा 'नाही' म्हटलं की इथंच कुठेतरी दोन खोल्या बघितल्या असत्या.

किनाऱ्यावर पोचलो तर ओहोटी. दोन तास बसून. तेहतीस वर्षं भोंग्यावर उठलेला माणूस, सारखं घड्याळ पाहून राहिला. शेवटी होडीवाल्याला विचारलं, "भैया, होडीचा टाइम काय?" तो म्हणाला, "पाणी चढलं की." मला वाटलं, झालं, आता हे वैतागणार, काम फत्ते. पण हे हसले आणि वाळूत पाय पसरून बसले.

घराची मालकीण पंचाहत्तरीच्या पुढची, एकटी. मुलगा त्यांना ठाण्याला घेऊन जाणार होता. मी त्यांना काकू म्हणू लागले. त्यांनी कोकमाचं सरबत दिलं, आणि ते संपायच्या आत यांनी खिशातून वही काढली. आमच्याकडे क्वार्टर ताब्यात घेताना असंच करतात. नळ किती, कड्या शाबूत आहेत का, काचा फुटल्यात का, सगळं लिहून घ्यायचं, नाहीतर मागच्याची मोडतोड आपल्या माथी. चार क्वार्टरं अशीच घेतली होती यांनी. हे खोलीखोलीतून मोठ्यानं बोलत निघाले, "कडी एक, गंजलेली. कौलं तीन, फुटकी." काकू मागेमागे. "खारा वारा आहे हो, तेल लावत राहावं लागतं," असं म्हणत होत्या बिचाऱ्या, परीक्षेत नापास झाल्यासारख्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग हे अंगणात आले. तिथं चुन्यानं रंगवलेलं तुळशीवृंदावन होतं. यांनी ते पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "अच्छा, ही तुळस तेवढी तुम्ही घेऊन जा जी."

काकूंचा चेहरा उतरला. "घेऊन जा? उपटून?" त्या पायरीवरच बसल्या. "मला नाही द्यायचं घर. जा तुम्ही."

घ्या! माझं काम आपोआप झालं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण यांचं तोंड बघवेना. हातात वही धरून उभे, आपण काय वाईट बोललो तेच कळेना यांना.

"अहो, काय बोलून राहिले तुम्ही!" आधी मी यांना झापलं. मग काकूंजवळ बसले. "काकू, यांच्या मनात काही पाप नाही हो. आमच्याकडे क्वार्टर सोडलं की तुळस डब्यासकट सोबत न्यायची. मागे ठेवली आणि पुढचा माणूस लवकर आला नाही तर वाळते. जमिनीत लावायची हिंमतच नाही केली आम्ही कधी. तुळस जागची हलत नाही, हे यांना ठाऊकच नाही."

काकूंनी मान वर केली. "म्हणजे स्वतःचं घर कधी नव्हतंच तुमचं?"

"नाही."

त्या यांच्याकडून माझ्याकडे वळल्या. "आधी दोघं येऊन गेले. त्यांना सुट्टीपुरतं हवं, बाकी वर्षभर कुलूप. कुलपातलं घर इथं दोन पावसांत बसतं गो. इथं रोज दिवा कोण लावणार? तू लावशील?"

"लावीन," मी म्हणाले.

माय वं! तोंडातून निघून गेलं. यांना विचारलं नाही, स्वतःला विचारलं नाही. जीभ तशी माझ्या ताब्यात कधी नव्हतीच, पण एका म्हाताऱ्या बाईला तिच्या तुळशीसमोर दिलेला शब्द परत कसा घेणार?

काकूंनी माझा हात धरला आणि रडू लागल्या. घर सुटलं ना त्यांचं. त्यांना धीर द्यायचा सोडून मीही हमसून हमसून रडायला लागले.

"तू कशाला रडतेस गो?" पदरानं माझे डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तुला तर घर मिळालं."

काय सांगणार त्यांना? डोळ्यांसमोर खमरियाचं क्वार्टर उभं होतं. तिथली ठिबकणाऱ्या नळाखालची बादली, मागच्या दारातून 'दीदी, चाय बन गई?' म्हणून हाक मारणारी शेजारीण. सरकारचं होतं ते, आमचं कधीच नव्हतं. पण काकू 'घर' म्हणाल्या तेव्हा मला तेच आठवून राहिलं होतं.