माठातलं पाणी

आमच्या सुरतच्या मराठी शाळेत निरोप समारंभाआधी दहावीच्या प्रत्येकाने शाळेबद्दल अभिप्राय लिहून द्यायचा असे. म्हणजे बाईंनी फळ्यावर लिहिलेला मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवायचा. 'या शाळेने आम्हाला घडवले' इथपासून 'आम्ही कायम ऋणी राहू' इथपर्यंत. कागद फाइलला लागत आणि तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवले जात. दरवर्षी सगळा वर्ग एकाच शब्दांत ऋणी व्हायचा आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे.

मला वाटलं. धाकटी बहीण जूनमध्ये आठवीला याच शाळेत येणार होती. मी भोगलं ते तिने भोगायचं नाही, एवढं माझं ठरलं होतं. फळ्याकडे न बघता मी लिहिलं: 'मुलींच्या संडासाला कुलूप असते. चावी मागितली की सापडत नाही. म्हणून आम्ही मुली दिवसभर पाणी पीत नाही. तीन वर्षांत मी शाळेच्या माठातले पाणी प्यायलेले नाही.'

हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. "हे फाड आणि दुसरं लिही."

"खरं तेच लिहिलंय, सर."

"मग दाखला मिळणार नाही. उद्या आईला घेऊन ये."

दाखल्याशिवाय अकरावी नाही. मी घाबरले, चांगलीच घाबरले. पण दुसरा कागद काही मागितला नाही.

आई घरी साड्यांचे धागे कापायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, बोलायची तीही आमची अहिराणीच. मी लिहिलेलं सगळं तिला सांगितलं. तिने कातर खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि शाळेच्या अब्रूवर बराच वेळ बोलले. आईने शांतपणे ऐकलं. मध्येच पाणी मागितलं. पुन्हा मागितलं. मग उठून म्हणाली, "चावी द्या गुरुजी. माले जानं शे."

हेडमास्तरांचा चेहरा पडला. शिपाई कपाटं धुंडाळून आला. "चावी नथी मळती, साहेब."

"सापडू द्या. मी आठेच बठस," म्हणत आई परत खुर्चीत बसली. एक तास झाला, दुसरा सुरू झाला. ती जागची हलेना. शेवटी शिपायाने दगडाने कुलूप तोडलं. आत मोडके बाक छतापर्यंत रचलेले होते. बाक बाहेर काढून होईपर्यंत सगळी शाळा व्हरांड्यात जमली होती. आई आत जाऊन आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "नळले पानी नही. तेबी करा. मनी धाकली येनार शे."

दाखला मला मिळाला. माझा कागद मात्र फाइलला लागला नाही.

जूनमध्ये पहिल्या दिवशी बहीण शाळेतून आली आणि दप्तर टाकत म्हणाली, "ताई, शाळेच्या माठातलं पाणी किती गार असतं गं!"

मला ते माहीतच नव्हतं.