रोही तिथं नव्हताच

मी विम्याचा सर्व्हेअर. भोकरदनच्या एका गॅरेजात पुढून चेपलेली गाडी तपासायला गेलो होतो. मालक पन्नाशीचा कापडव्यापारी. बोलण्याआधी तो चष्मा काढून सदऱ्याला पुसायचा. क्लेमच्या फॉर्मवर मेकॅनिकनं परस्पर लिहिलं होतं, राजूर रोडवर रानातून रोही, म्हणजे नीलगाईचा नर, आडवा आला. मी ते वाचून दाखवलं, तसा मालकानं चष्मा पुसला.

"न्हाई साहेब. रेसच्या ट्रॅकवर हौसेनं पळवायला गेल्तो. वळणावर भिंतीला ठोकली."

"ट्रॅकवरचं नुकसान विम्यात बसत नाही," मी सांगितलं.

"बराबर आहे. पण रोह्याचं नाव कशाला घ्यायचं? तो बिचारा तिथं नव्हताच."

त्यानं ती ओळ खोडली, खरं लिहून सही केली. मी नामंजुरीची शिफारस केली. निघताना त्यानं आग्रहानं चहा पाजला. नामंजुरीनंतर मला मिळालेला तो एकमेव चहा.