नव्या सिस्टीमला हाकलणारे तात्या

नव्या गोष्टीला तात्यांइतकं तुच्छ लेखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. भिगवणला एसटी स्टँडसमोर त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं आणि मी तिथं आठ वर्षं टायपिंग केलं. संगणकावर ‘नवी सिस्टीम तयार आहे’ अशी पाटी उमटली की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, “आला बघ दारात. म्हणावं, पुढं जा.” मग मी ‘नंतर’ दाबायची.

बारामतीहून संगणक दुरुस्तीला एक जण यायचा. तो म्हणाला, कंपनी आता जुन्या सिस्टीमचा सपोर्ट बंद करणार. चहा ओतता ओतता तात्या थांबले. “बंद करनार? मग आत्तापतुर दिला कवा? तुझ्या कंपनीचा कोन हितं येऊन गेला, सांग की!” बिचारा चहा न पिताच निघाला. तो गेल्यावर तात्या म्हणाले, “ह्यांना यंत्र वापरायला दिलंय का नुसतं बदलायला, त्येच कळंना.”

मराठी टायपिंगचा त्यांचा प्रोग्राम त्या जुन्या सिस्टीमवरच चालायचा आणि त्यात आसपासच्या गावांतली भावकी भरलेली होती. एखाद्या घरात पुढचं लग्न निघालं की जुनी फाईल उघडायची, नवरा-नवरी बदलायची, पण चुलत्या-मामांच्या ओळींना हात लावायचा नाही. कुणाचं नाव कुणाच्या आधी आणि का, हे तात्यांनी घरोघर विचारून ठरवलेलं असे.

तात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडाभर गेले आणि मी शहाणपणा केला. त्या जुनाट पडद्याची मला लाज वाटायची. दुरुस्तीवाल्याला बोलावून नवी सिस्टीम टाकून घेतली. फायदा काय झाला? कोपऱ्यात भिगवणला ऊन आहे असं दिसायला लागलं, जे दारातून बघितलं तरी कळत होतं. बटणं डावीकडची मधे आली. आणि तात्यांचा प्रोग्राम उघडेना. फायली होत्या, आत नुसत्या रेघोट्या. “मॅडम, जुनं आता परत नाही टाकता येणार,” असं सांगून तो दीडशहाणा निघून गेला.

त्याच दिवसांत पळसदेवच्या एका घरची पत्रिका छापायची होती. मुलीला वडील नव्हते. मी आठवेल तशी यादी टाईप केली, वयाप्रमाणे थोरला चुलता आधी. तात्यांच्या फाईलीत धाकटे चुलते, आप्पा, आधी होते, कारण पोरीला लहानाची मोठी त्यांनी केली होती. थोरला कधी फिरकलाही नव्हता. हे मला मागाहून कळलं. पत्रिका वाटून झाल्यावर आप्पांनी आपलं नाव दुसऱ्या ओळीत पाहिलं आणि सांगून टाकलं, कन्यादान थोरल्यानंच करावं, मी मांडवात येत नाही. पोरगी रडून अर्धी झाली.

तात्या काळा गॉगल लावून परतले तेव्हा मी रडतच सगळं सांगितलं. त्यांनी पडद्याकडे गटारात बघावं तसं बघितलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ते एवढंच म्हणाले, “चल, पळसदेवला जाऊन येऊ.”

आप्पांच्या ओट्यावर त्यांनी हात जोडले. “आप्पा, पत्रिका मी जुळवली, दवाखान्यात जायच्या आदी. डोळ्याला दिसंना झालं व्हतं, वळी खालीवर झाल्या. माजा राग पोरीवर काढू नगा.”

आप्पा त्या गॉगलकडे बघत राहिले. “तात्या, दिसत न्हवतं तर काम घ्यायचंच कशाला?” म्हणाले, पण आवाज उतरला होता. कन्यादान त्यांनीच केलं.

परतताना मी विचारलं, “तात्या, माझं नाव का नाही सांगितलंत? निदान त्या सिस्टीमचं तरी?”

“त्या डबड्याचं नाव आप्पापुढं घेऊ व्हय?” खिडकीबाहेर बघत ते म्हणाले. “आन् तुला अजून लई वर्सं हेच काम करायचंय.”

तात्यांना दिसत नाही, ही बातमी गावोगाव गेली. पत्रिका इंदापूरला, बारामतीला जायला लागल्या आणि दिवाळीपर्यंत दुकान बंद झालं. ऑपरेशन खरं तर उत्तम झालं होतं. कॅलेंडरातली बारीक तिथीसुद्धा ते बिनचष्म्याने वाचायचे. मला इंदापुरात काम मिळालं. गेल्या वर्षी तात्या गेले. त्यांच्या दहाव्याला आप्पा माझ्या शेजारी बसले होते. “डोळ्यांनी घात केला बघ तात्यांचा,” ते हळहळले.

मी मान डोलावली.