वर बघणारी फ्रेंच पलटण

बुधाजी म्हातारपणी भानामती शिकला, ही बातमी शेजारच्या नम्रतानं सकाळचं पाणी यायच्या आत तिन्ही मजल्यांवर पोचवली. तिनं स्वतः बघितलं होतं. बुधाजीच्या खिडकीत दोनशे चाळीस माणसं, अर्ध्या बोटाएवढी, बाटलीच्या बुचांवर चिकटवलेली, आणि एकालाही डोळे नाहीत! मोजली कधी, हे तिला कुणी विचारलं नाही. लालबागच्या चाळीत आकडा सांगितला की पुरावा लागत नाही.

खरी गोष्ट एवढी चमचमीत नव्हती. ती माणसं म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचे फ्रेंच शिपाई, नेपोलियनच्या फौजेतले, धातूचे. गिरगावात ठाकुरद्वारला राहणारे निवृत्त सॉलिसिटर कमलाकांतसाहेब ते परदेशातून मागवत. महिन्यातून एका रविवारी ते आणि त्यांचे तीन मित्र मोठ्या टेबलावर फौजा मांडत, पट्टीनं अंतरं मोजत, फासे टाकत आणि कधीच्या संपलेल्या लढाया परत लढत. शिपाई येत ते कोरे, रंगवायचे बुधाजीनं. आणि डोळे नव्हते, कारण डोळे सगळ्यात शेवटी काढायचे असतात. हे लालबागात कुणाला सांगावं लागू नये, पण नम्रता पडली माहेरची डोंबिवलीची.

बुधाजी चाळीस वर्षं परळच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. बाकीचा रंग कुणीही लावो, शेवटी मूर्तीसमोर स्टूल टाकून बसणारा एकच. श्वास रोखायचा, पापणीची रेघ एका दमात ओढायची, मग बुबुळ. बुधाजीच्या आखणीची खोड अशी, की तुम्ही पाटावर बसा नाहीतर दाराशी उभे राहा, मूर्ती तुमच्याकडेच बघणार.

गेल्या हंगामात त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. फार नाही, कप बशीवर वाजावा इतका. कारखान्याचा मालक स्वप्नील, ज्याला बुधाजीनं दुपट्यात बघितलेला, म्हणाला, “काका, यंदा आखणी राहू दे. पितांबराच्या किनारी घ्या. आरामात होईल.” बुधाजी अख्खा हंगाम सोनेरी किनारी ओढत बसला. भांडला नाही. भांडायलाही दम लागतो, आणि तो जिना चढण्यातच संपायचा.

कमलाकांतांच्या घरचा गणपती त्याच कारखान्यातला. त्या हंगामातली मूर्ती पाटावर ठेवल्याबरोबर साहेब म्हणाले, “हे आपल्याकडचे डोळे नव्हेत.” विसर्जन आटोपल्यावर ते चौकशी करत चाळीत आले, तीन जिने चढून दहा मिनिटं नुसते धापा टाकत बसले, आणि मग खिशातून एक कोरा शिपाई काढून त्यांनी बुधाजीच्या तळहातावर ठेवला. “यावर चालेल तुमचा हात?”

बुधाजीला फ्रेंचांशी देणंघेणं नव्हतं. कोण जिंकलं तेही त्यानं विचारलं नाही. पण शिपायाला चेहरा होता, आणि चेहऱ्याला डोळे लागतात. एवढं एक काम मरेपर्यंत आपल्याकडे राहावं, बाकी कायपण नेऊ दे कुणी, असं त्याचं झालं होतं.

पण साहेबांची चिकित्सा म्हणजे शिक्षाच. निळा कोट, छातीवर पांढरे पट्टे, पितळी बटणं मोजून. कॉलर लाल काढली तर फोन यायचा, “लाल नव्हे हो, किरमिजी!” घरात बायको मालन वेगळीच.

“त्येंका भूक लागना नाय, तुमका तरी लागता काय?”

“थांब गो. ह्या रांगेचे पट्टे ऱ्हवलेत.”

“काल बटाट्याच्या भाजयेत बंदूक गावली माका.”

“तीच सोदतंय मगासपासून!”

दोन महिन्यांनी सगळे शिपाई डोळ्यांपर्यंत आले. बुधाजी आंघोळ करून बसला. मनगट पिठाच्या डब्यावर टेकवलं, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं. श्वास सोडून झाल्यावर दुसरा घ्यायच्या आधी एक निवांत क्षण असतो. तेवढ्यापुरता हात ऐकायचा. त्या क्षणात एक ठिपका. दिवसाला वीस शिपाई, की पाठ संपली. बारा दिवस लागले.

बुधवारी खोका मांडीवर घेऊन बसनं तो ठाकुरद्वारला गेला. साहेबांनी पलटण टेबलावर उभी केली, खुर्चीत बसले, भिंग उचललं. एकेक रांग तपासली.

“बुधाजी, हे सगळे माझ्याकडे बघतायत.”

“होय,” बुधाजी म्हणाला. त्याला वाटलं, शाबासकी आहे.

“अहो, शत्रू तिकडे आहे! टेबलाच्या पलीकडे! संगिनी सरळ, माना सरळ आणि डोळे वर? आणि चेहऱ्यावर ही... कृपा? चाल करून निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कृपा कसली?”

बुधाजी वाकला, बघितलं, आणि त्याच्या ध्यानात आलं. हात नेहमीच्या वाटेनं गेला होता. डोळा काढायचा तो समोर बसलेल्या माणसाकडे. गणपती उंच, म्हणून नजर खाली; हे बुटके, म्हणून वर. चाळीस वर्षांत त्यानं तिसऱ्याकडे बघणारा डोळा काढलाच नव्हता.

“बुजवून टाका,” साहेब मऊ आवाजात म्हणाले. “पातळ तपकिरी रंगाचा एक हात मारा. इतक्या लहान चेहऱ्याला सावली पुरते. आणि यापुढे डोळे नकोतच, तुमचाही त्रास वाचेल. रविवारी सकाळी मित्र येतायत.”

त्रास वाचेल! स्वप्नीलही याच मायेनं बोलला होता. लोक काम काढून घेतात तेव्हा फार गोड बोलतात.

खोका परत घरी आणून बुधाजीनं तपकिरी रंग कालवला. पहिल्या रांगेतल्या कडेच्या शिपायाच्या डोळ्यांवरून ब्रश फिरवला आणि बसून राहिला.

“काय झाला?” मालननं विचारलं.

“एक आंधळो केलंय.”

पोळपाट बाजूला सारून तिनं पिठाचा डबा त्याच्यापुढे सरकवला. तेवढा तपकिरी पुसून तेच दोन डोळे पुन्हा काढायला त्याला दुपार लागली. मग त्यानं ब्रश धुतला. शनिवारी दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. कण्हला नाही, झोपलाही नाही.

रविवारी तो पोचला तेव्हा तिघे मित्र चहा घेत होते, टेबलावर हिरवं कापड, पुठ्ठ्याच्या टेकड्या. साहेबांनी खोका उघडला, एक शिपाई उचलला, मग दुसरा, मग चौथ्या रांगेतला एक.

“बुधाजी, हे तसेच आहेत.”

“तसेच.”

“एकाचेही बुजवले नाहीत?”

“नाय.”

एक मित्र खुसखुसला, “कमलाकांत, तुझी फौज तुझ्याकडे रजा मागतेय रे!” साहेबांचे कान लाल झाले, की किरमिजी, ते त्यांनाच ठाऊक.

“सैनिकानं शत्रूकडे बघायचं असतं, बुधाजी. माझ्याकडे बघून काय उपयोग?”

बुधाजीनं टेबलाची कड धरली.

“मराक तुमीच धाडतास न्हय, सायबानू? मगे ते आनी कोणाकडे बघतले?”